हिप्परग्याचे पाणी आणि एका दिवसाची मर्यादा

सोलापुरात सात रस्त्यावर चादरी-टॉवेलांचा घाऊक व्यापार करणारे एक गृहस्थ चातुर्मासाचे चार महिने वगळून दर रविवारी पहाटे मोटारीच्या डिकीत एक निळी गुंडाळी ठेवून बाहेर पडतात. प्रथम शेजाऱ्यांना तो नमुन्याचा माल वाटला. ती हवा भरून फुगवण्याची कयाक आहे, एका माणसाने बसून दोन्ही बाजूंनी वल्हवायची, हे कळल्यावर पेढीवर काही दिवस त्याचीच चर्चा चालली. शेचाळीस वर्षांच्या, हिशेबाला पक्क्या व्यापाऱ्याने होडीत बसावे, हे कोणालाच पटेना.

सर्वांत कमी पटले ते बापूजींना. त्यांचा आक्षेप खर्चाचा नव्हता, वयाचाही नव्हता. ज्या घरात पाणी गाळून पितात, त्या घरातील मुलाने निव्वळ मौजेसाठी तलाव ढवळावा, हा अनर्थदंड होय, असे त्यांचे म्हणणे. आधार रत्नकरंड श्रावकाचाराचा. माती, पाणी, अग्नी व वारा यांचा निष्कारण आरंभ आणि निष्कारण भटकणे, हे सारे आचार्य समंतभद्रांनी प्रमादचर्येत मोजले आहे. मुलाने वालचंदशेठांचे नाव पुढे केले. ते याच सोलापुरात 1882 साली जन्मले आणि 5 एप्रिल 1919 रोजी त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. आपल्या समाजाला पाणी वर्ज्य कुठे आहे? बापूजी शांतपणे म्हणाले, “ते व्यापाराला गेले. तू कशाला जातोस?” या प्रश्नाला मुलाजवळ उत्तर नव्हते. वालचंदशेठांना या वादात ओढणे थोडे सवंगच होते.

अखेर तोड निघाली ती व्रतातूनच. दिग्व्रत जन्मभरासाठी दिशांची मर्यादा घालते, देशव्रत तीच मर्यादा एका दिवसापुरती आखडते. शनिवारी संध्याकाळी मुलाने बापूजींसमोर बसून कोणते पाणी, कोठून कोठपर्यंत आणि परत किती वाजता, हे सांगायचे. पेढीच्या पॅडवर ते लिहून ठेवायचे. लिहिल्यापलीकडे एक वल्हेही मारायचे नाही.

हा नियम धर्माचा म्हणून स्वीकारला गेला, पण त्याची दुसरी बाजू लवकरच कळली. 21 मे 2024 च्या सायंकाळी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्या रात्री बापूजींनी पॅड मागवले आणि आधीची सर्व पाने वाचून काढली. त्यानंतर पॅडवर दोन ओळी कायमच्या आल्या: ‘लाइफ जॅकेट काढणार नाही’ आणि ‘दहाच्या आत काठावर’. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारनंतर वारा उठतो आणि उघड्या जलाशयावर पाहता पाहता लाटा येतात. हवेची कयाक वजनाला हलकी, तेव्हा वारा तिला पानासारखी ढकलतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचे, म्हणजे दमलेल्या हातांना परतीची वाट सोपी पडते.

नवे पाणी पाहण्याचा पहिला दिवस बहुतेक काठावरच जातो. होडी उतरवावी कोठे, हाच खरा शोध असतो. सोलापूरच्या तलावांना वेड्या बाभळीचा वेढा आहे, आणि त्या काट्यांपुढे फुगवलेल्या होडीचा काय निभाव लागणार? सायकलच्या ट्यूबला लावतात तशी ठिगळे या होडीला आजवर पाच लागली आहेत. उजनीची तऱ्हा निराळी. 117 टीएमसीचे ते धरण उन्हाळ्यात आटू लागले की पाण्याची कड लांब सरकते, मध्ये गुडघाभर चिखल उरतो आणि बुडालेल्या गावांच्या भिंती उथळ पाण्याखाली दबा धरून राहतात. पळसदेवचे जुने मंदिर अशाच दिवसांत वर येते. शहरातील कंबर तलाव जलपर्णीमुळे सोडून द्यावा लागला. राहता राहिला तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा, म्हणजे 1871 साली अडिला नदीवर पुरा झालेला एकरुख तलाव. घरापासून अर्ध्या तासाच्या आत, त्यामुळे तेथेच सर्वाधिक फेऱ्या झाल्या, आणि घडायचे तेही तेथेच घडले.

जानेवारीतील एका सकाळी पाण्यावर तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांच्या रांगेजवळ काहीतरी फडफडताना दिसले. बाटल्या म्हणजे खाली जाळे, हे त्यांना ठाऊक होते. जाळ्यात पाणकावळा अडकला होता. एक पंख पूर्ण गुरफटलेला, मान पाण्यावर जेमतेम. त्यांनी खिशातील चाकूने चार-पाच फासे कापले. पक्षी पाण्यावर पाय आपटत दूर गेला आणि उडाला. मग लक्षात आले की जाळे परक्याचे आहे.

ते काठावर येऊन बसले. दहाची वेळ टळली, तरी उठले नाहीत. अकराच्या सुमारास मोटारसायकलवरून एक वयस्क भोई आला. यांनी हकीकत सांगून पैसे पुढे केले.

“मामा, जाळं मी कापलं. नुकसान सांगा.”

“कावळा व्हता का? ते कापायलाच लागतंय, शेठ. अर्ध्या तासात शिवतो की मी,” तो म्हणाला. मग शंभराची नोट तेवढी घेतली, बाकीच्या परत केल्या. “पर एक सांगतो. तुमची होडी जाळ्यावरनं जाती, त्यानं जास्त नुकसान हुतंय. बाटलीच्या भायेरनं जात जावा.” तीन वर्षे ते बाटल्यांमधूनच जात होते. होडीच्या बुडाशी असलेला पंखा जाळ्याला ओढतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आले नव्हते.

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला त्यांनी सर्व सांगितले. पंगतीत कौतुक झाले. बापूजींनी ताट आवरेपर्यंत काही विचारले नाही. मग विचारले, “जाळ्यात मासे होते?”

“होते.”

“जिवंत?”

“काही होते.”

“त्यांना का नाही सोडलेस?”

भोयाच्या पोटाचा विचार केला, असे म्हणता आले असते. पण तसा विचार तेव्हा मनात आला नव्हता, आणि बापूजींसमोर खोटे बोलण्याची त्या घरात रीत नाही. पक्षी फडफडत होता, ओरडत होता, म्हणून तो दिसला. मासे दिसूनही दिसले नव्हते. “ठाऊक नाही,” एवढेच ते म्हणाले. बापूजी हात धुवायला उठले. पुढचे दोन रविवार होडी डिकीतच राहिली.

तिसऱ्या शनिवारी बापूजींनी स्वतःच पॅड पुढे केले आणि उद्या आपणही येऊ म्हणाले. ठिकाण ठरले हत्तरसंग कुडल. तेथे सीना भीमेला मिळते, आणि शके 940 चा मराठी शिलालेख तेथील मंदिरात आहे. बापूजींनी तो शिलालेख डोळ्यांना चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग काठावर सावलीत घडी केलेल्या सोलापुरी चादरीवर बसले. मुलाने जॅकेटचे पट्टे आवळले.

“कोठपर्यंत?”

“त्या वळणापर्यंत. जेथून तुम्ही मला दिसाल.”

पाणी त्या दिवशी अगदी संथ होते. वळणापाशी पोहोचल्यावर पलीकडे नदी रुंद होताना दिसली, आणि दूरवर पांढऱ्या पक्ष्यांचा मोठा थवा उतरलेला होता. त्यांनी वल्हे आडवे धरून होडी थांबवली. मागे वळून पाहिले, तर बापूजी उभे राहून कपाळाशी हात धरून इकडेच बघत होते. त्यांनी होडी फिरवली. काठाला लागताच बापूजींनी घड्याळ पाहिले आणि विचारले, “वळणापलीकडे काय होते?”