देवांनाही अटी घाल

रामघाट, वाराणसी

चि. भाचेबाईंस,


तुझं बाड पोचलं. नकाशा, तीन राजघराण्यांच्या वंशावळी आणि शेवटी देवांची यादी, सगळं सविस्तर वाचलं. तुझ्या आईचा निरोप असा की मी तुला 'आधी परीक्षा, मग कादंबरी' असं बजावावं. ते मी लिहीत नाही. ती स्वतः दिवसातून दोनदा म्हणतच असेल.

लढाया झकास जमल्यात. दुसऱ्या भागातलं खिंडीतलं प्रकरण तर मी पुन्हा वाचलं. तक्रार आहे ती देवांबद्दल. तुझी वाऱ्याची देवी रुसली की वादळ येतं, अंधाराचा देव चिडला की सात दिवस काळोख पडतो. त्यांना विचारणारं कुणी नाही. मनात आलं की करतात, आणि केलं की संपलं. असल्या देवांची भीती वाटत नाही आणि कीवही येत नाही. तू प्रत्येकाला रंग दिलास, शस्त्र दिलंस, वाहन दिलंस. अट मात्र एकालाही घातली नाहीस.

मी इथे राहतो म्हणून इथलंच उदाहरण देतो. तसंही तू 'महाकाव्यासारखी अद्भुत कथा' म्हणून विलायतेकडे बघत बसतेस, आणि आपल्याकडे स्कंदपुराणातलं काशीखंड पडून आहे. त्यातली दिवोदासाची गोष्ट नीट ऐक.

साठ वर्षं पाऊस नाही. पृथ्वीवर राज्य करायला कुणी उरलेलं नाही. ब्रह्मदेव रिपुंजय नावाच्या एका तपस्वी राजाला गळ घालतो की तू राजा हो. तो दिवोदास या नावाने गादीवर बसायला तयार होतो, पण एका अटीवर. सगळ्या देवांनी पृथ्वी सोडून स्वर्गात जावं. माणसांचं राज्य माणूस करील. ब्रह्मदेव शब्द देऊन बसतो. आता शब्द म्हणजे शब्द, त्यामुळे प्रत्यक्ष शंकरालाही काशी सोडून मंदर पर्वतावर जावं लागतं. पुढे सगळं या एका अटीवर फिरतं. शंकराला काशीशिवाय करमत नाही. पण तो त्रिशूळ घेऊन येऊ शकत नाही, कारण राजा चोख आहे. राज्यात अधर्म सापडला तरच अट मोडेल. म्हणून तो हेर पाठवतो.

आधी चौसष्ट योगिनी. कुणी नर्तकी झाली, कुणी सुईण, कुणी हात बघणारी. घराघरांत शिरून दोष शोधला. सापडला नाही, आणि गाव इतकं आवडलं की त्या परतल्याच नाहीत. मग सूर्य आला, तो बारा रूपांनी इथेच राहिला. ब्रह्मदेव म्हातारा ब्राह्मण होऊन आला आणि दहा अश्वमेधांचं साहित्य मागितलं, म्हणजे राजा कुठेतरी चुकेल. राजाने सगळं विनातक्रार पुरवलं. तो दशाश्वमेध घाट. मग गण आले, तेही रमले. आज यात्रेकरू ज्या देवळांपुढे रांग लावतात, त्यांतली कितीतरी म्हणजे फसलेल्या हेरांचे कायमचे पत्ते आहेत! तुझ्या नकाशावर एकतरी देऊळ असं आहे का, जे देवाच्या नामुष्कीतून उभं राहिलं?

शेवटी गणपती म्हातारा ज्योतिषी होऊन आला. त्याने राजाला सांगितलं, आजपासून अठराव्या दिवशी उत्तरेकडून एक ब्राह्मण येईल, तो सांगेल तसं कर. तो दिवस उजाडायच्या आत विष्णू पुण्यकीर्ती नावाच्या बौद्ध आचार्याच्या वेषात आला आणि त्याच्या उपदेशाने लोकांचा धर्म ढळू लागला. इथे जरा थांब. सारनाथ इथून जेमतेम दहा किलोमीटरवर आहे. ज्या गावाच्या वेशीवर बुद्धाने पहिला उपदेश केला, त्या गावाचं पुराण बौद्ध आचार्याला विष्णूचं सोंग ठरवतं. खरा जुना झगडा गोष्टीत असा तिरका शिरतो. तुझ्या जगातल्या पुराणांनीही जिंकलेल्यांची बाजू घेऊन थोडं खोटं बोलायला हवं. तुझे सगळे पुरोहित एकच गोष्ट एकसारखी सांगतात, हे मला पटलं नाही.

आणि दिवोदास? तो हरत नाही. कंटाळतो. त्या ब्राह्मणाच्या सांगण्यावरून राज्य सोडतो, लिंग स्थापतो, सदेह स्वर्गाला जातो. शंकर घरी परततो. खलनायक कुणीच नाही. मला ही गोष्ट तुझ्या अंधारदेवापेक्षा दहापट भीषण वाटते, कारण तिच्यात दोन्ही बाजूंचं बरोबर आहे.

अट हीच किल्ली आहे हे टोल्किनलाही ठाऊक होतं. तुझ्या कपाटात त्याचं सिल्मरिलियन आहे, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1977 साली आलेलं. त्यातला फेआनोर आणि त्याचे सात मुलगे रत्नांसाठी शपथ घेतात, आणि ती शपथच त्यांना पिढीभर फरफटत नेते. शत्रूपेक्षा स्वतःचा शब्द जास्त छळतो.

आपल्याकडे याची आणखी एक सोय आहे: उःशाप. दिलेला शाप परत घेता येत नाही, त्याला फक्त एक दार ठेवता येतं. रामघाटावरून जटार घाट, ग्वाल्हेर घाट, मंगलागौरी ओलांडून पंचगंगा घाटावर ये. तिथे धूतपापा नावाच्या तपस्विनीने तिच्यामागे लागलेल्या धर्मदेवाला 'नद हो' असा शाप दिला, आणि त्याने उलट तिला 'शिळा हो' असा. बाप ऋषी, पण शाप पुसणं त्याच्याही हातात नाही. त्याने इतकंच केलं की ती शिळा चंद्रकांताची व्हावी. चंद्र उगवला की ती पाझरते, नदी होते आणि त्या नदाला मिळते. तुझ्या नायिकेला तू मंत्राने बरी केलीस. एवढ्या सहज नको करूस.

आजीच्या गुरुचरित्रातला एकेचाळिसावा अध्याय आठव. गुरूच्या घरचे एका शिष्य पोराला एकेक मागणी घालतात: कधी जुनं न होणारं घर, न विणलेली न शिवलेली चोळी, पाण्यावरून चालवणाऱ्या पादुका, मुलीला एका खांबावरचं घरकुल. त्यासाठी त्या पोराला काशीची वाट धरावी लागते. तू 'शोधयात्रा' म्हणून जे लिहितेस ते हेच. फरक एवढा की इथल्या मागण्या घरातल्या आहेत आणि म्हणून अशक्यपणा जास्त टोचतो.

तुझ्या नकाशासाठीही इथे नमुना आहे. रामघाटाच्या पायऱ्यांवरचा काळविनायक काशीच्या छप्पन्न विनायकांपैकी. आठ-आठांची सात आवरणं गावाभोवती कल्पिली आहेत. टोल्किनचं सात तटबंद्यांचं नगर तुला पाठ आहे, हे मात्र तू पाहिलेलंच नाहीस. भोसले घाट, गणेश घाट, जटार घाट असे आपल्या माणसांच्या खुणा सांगणारे घाट शेजारी असूनही!

इथल्याच हिंदी कादंबरीकार देवकीनंदन खत्रींबद्दलही सांगतो. जन्म 1861, म्हणजे मराठीत हळब्यांची 'मुक्तामाला' कादंबरी निघाली ते साल. काशीनरेशांकडून चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके त्यांनी घेतले होते. तिथले पडके किल्ले, भुयारं, दऱ्या पायाखाली घातल्या आणि त्यांतून 'चंद्रकांता' लिहिली. ऐयारांचा, म्हणजे वेषांतर करणाऱ्या हेरांचा बटवा, शुद्धीवर आणणारा लखलखा, तिलिस्मांचे, म्हणजे मायावी भुलभुलैयांचे दरवाजे, सगळं कल्पित. पण दरवाजा कसा उघडतो याचं कारण ते सांगतात, कळ दाखवतात. रामचंद्र शुक्लांनी लिहिलंय की हिंदीला जितके वाचक खत्रींनी मिळवून दिले तितके दुसऱ्या कुणी नाही. जंगल आधी पाहिलं होतं, म्हणून तिलिस्म उभं राहिलं. तुझी खिंड जमली तीही तू सह्याद्री पायी तुडवलास म्हणूनच, असा माझा अंदाज आहे.

आता काम सांगतो. देवांची यादी बाजूला ठेव. प्रत्येक देवाने कुणाला कधी कोणता शब्द दिला आणि तो मोडला तर काय होईल, एवढंच एकेका ओळीत लिही. ज्याच्यापुढे ओळ सुचणार नाही तो देव काढून टाक, चौदांतले सहा उरले तरी चालतील. अंधाराचा देव ठेव, पण त्याला कुणीतरी गाव सोडायला लाव. मग तिसरा भाग नव्याने लिहून पाठव. परीक्षेनंतर पाठवलास तरी चालेल. तुझ्या आईला सांग, मामानेच तसं लिहिलंय.

तुझा,
मामा