आमच्या नांगराची पट्टी

आमच्या घरी एक लोखंडी नांगर आहे. तो माझ्या पणजोबांनी घेतला होता. त्याचा रंग आता उडाला आहे. काम नसले की तो लिंबाखाली पडून असतो आणि त्याच्या दांडीवर कोंबड्या बसतात. मी या नांगराच्या पट्टीविषयी लिहिणार आहे. यात माझी एक चूकही आहे. ती मी लपवणार नाही.

आमचे गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात आहे. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात उगम पावते, पण आमच्या रानात पाणी नाही. रान दोन एकर आहे. वर थोडी माती आणि खाली मुरूम. दसरा झाला की माझे आई आणि बप्पा टोळीबरोबर ऊस तोडायला सांगली जिल्ह्यात जातात. मी आजी-आबांजवळ राहतो. ज्वारी निघाली की रान नांगरावे लागते. नांगरलेले रान उन्हात चांगले तापते आणि मग पहिला पाऊस त्यात मुरतो. हे काम आबाच करतात.

आम्हाला दोन बैल आहेत. सोन्या जवान आहे आणि तांबड्या म्हातारा. तांबड्या माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या घरी आहे. मी लहानपणी त्याच्या पोटाखालून रांगत जायचो, तरी त्याने कधी पाय उचलला नाही, असे आजी सांगते.

या फाल्गुनात आबांनी नांगर धरला. सोन्या पुढे ओढायचा आणि तांबड्या मागे राहायचा. चार फेऱ्यांत त्याच्या तोंडाला फेस आला. शेजारचे काका बांधावरून म्हणाले, "आबा, बैल थकला आता. बाजार दाखवा त्याला अन् रानाला ट्रॅक्टर सांगा." पण ट्रॅक्टरला रोख पैसे लागतात. आई-बप्पांनी मुकादमाकडून घेतलेली उचल अजून फिटायची होती. आबा काही बोलले नाहीत. रात्री ते आजीला हळूच म्हणाले, "शनिवारच्या बाजारात बघू काय ते." मी गोधडीत जागाच होतो. मला खूप रडू आले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्गात लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. पण शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल, असे लोकांना वाटायचे. पुढे शेतकऱ्यांनी नांगर चालवून पाहिला आणि त्यांची भीती गेली. १९१० साली लक्ष्मणरावांनी कारखान्यासाठी माळावर किर्लोस्करवाडी वसवली. ही वाडी सांगली जिल्ह्यात आहे हे ऐकून मला बरे वाटले, कारण माझे आई-बप्पा त्याच जिल्ह्यात होते.

गुरुजींनी फळ्यावर नांगर काढला. फाळ, माती उलटवणारा पंखा, धरायच्या मुठी आणि लांब दांडी. दांडीच्या पुढच्या टोकाला त्यांनी एक उभी पट्टी काढली आणि तिला एकाखाली एक भोके काढली. मी उठून म्हणालो, "गुरुजी, आमच्या नांगराला ही पट्टी नाही." गुरुजी म्हणाले, "असायला पाहिजे. साखळी कोणत्या भोकात अडकवली त्यावर नांगर किती खोल जायचा ते ठरते. आबांना विचार."

मी पळतच घरी गेलो. आबा विचार करून म्हणाले, "व्हय की रं. होती पट्टी. तुटली तवा आपले बैल तगडे होते. नवी करायचं राहूनच गेलं." तेव्हापासून आबा साखळी तारेने एकाच जागी बांधत होते.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तर आबा गाडी जुंपत होते. तांबड्याही गाडीला होता. माझ्या छातीत धडधडले. पण पाहतो तर गाडीत नांगर ठेवलेला. मी पटकन गाडीत चढून बसलो. बाजाराच्या गावी आबा सरळ लोहाराकडे गेले. लोहाराने जाड लोखंडाचा पाटा तापवून त्याला पाच भोके पाडली आणि पट्टी दांडीला बोल्टने घट्ट बसवली. आम्ही दोन्ही बैल घेऊन घरी आलो. त्या दिवशी मी आजीला न विचारता तांबड्याला भाकरी चारली.

आता माझी चूक सांगतो. रविवारी आबांनी साखळी मधल्या भोकात अडकवली आणि नांगर धरला. तांबड्याला तरी जडच जात होते. थोड्या वेळाने आबा पाणी प्यायला झाडाखाली गेले. मला वाटले, साखळी वर अडकवली की नांगरही वर येईल आणि तांबड्याला हलके होईल. म्हणून मी कोणाला न सांगता आकडा काढून सगळ्यात वरच्या भोकात घातला. आबा आले आणि त्यांनी बैल हाकले. फाळ एकदम खोल घुसला. सोन्याने हिसका दिला आणि तांबड्या पुढच्या गुडघ्यांवर पडला. त्याचा एक गुडघा सोलला आणि रक्त आले.

आबांनी आधी बैल सोडले. मग पट्टीकडे पाहिले. मग माझ्याकडे. मी म्हणालो, "आबा, मीच केलं." मला वाटले आता मार बसणार. पण आबांनी आधी जखमेला हळद लावली आणि मग मला नांगराच्या पुढे नेले. साखळीचे टोक माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "बैलाच्या मानेएवढं उंच धर अन् वढ." मी ओढले. दांडीचे टोक खाली दबले आणि मागे फाळाचे नाक मातीत रुतले. मग आबांनी आकडा सगळ्यात खालच्या भोकात घातला. मी पुन्हा ओढले. आता दांडीचे टोक वर आले आणि फाळाचे नाकही वर आले. आबा म्हणाले, "ताण पडला की साखळी मानेपासून फाळापर्यंत सरळ व्हायला बघती. म्हणून आकडा वर तर नांगर खोल, आकडा खाली तर नांगर उथळ. ध्यानात आलं का लेकरा?" मला वाटले होते त्याच्या हे अगदी उलटे होते. पण हाताने ओढून पाहिल्यामुळे आता मी ते विसरणार नाही.

तांबड्याला चार दिवस विसावा दिला. मग आबांनी आकडा खालच्या भोकात घालून सगळे रान उभे नांगरले. नांगर चार बोटेच खोल जात होता. तांबड्या सोन्याच्या बरोबरीने चालला. नंतर आकडा एक भोक वर घेऊन तेच रान आडवे नांगरले. वरची माती आधीच मोकळी झाली होती, म्हणून या वेळी खोल जाऊनही त्याला फार जड गेले नाही. दिवस दुप्पट लागले, पण रान झाले. आजी मला आडावर पाठवते तेव्हा घागर देत नाही, कळशी देते. मी दोन खेपा करतो, पाणी तेवढेच येते. तांबड्याचेही तसेच आहे.

पाडव्याच्या आधी आई-बप्पा आले. बप्पांनी रान पाहून विचारले, "ट्रॅक्टरला किती दिले?" आबा म्हणाले, "ट्रॅक्टर न्हाई. तांबड्यानं केलंय." बप्पांनी तांबड्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्यांना गुडघ्याचा वण दिसला. आबा काही बोलले नाहीत, म्हणून मीच सगळे सांगितले. बप्पा म्हणाले, "आता हात लावायच्या आधी इचारत जा." मी हो म्हणालो.

मित्रांनो, तांबड्या अजून आमच्याच दावणीला आहे. पुढच्या वर्षी काय होईल ते आबा सांगत नाहीत. वाचायला आलेल्या मोठ्या माणसांना माझी विनंती आहे की, तुमचा बैल थकला असे वाटले तर त्याला बाजार दाखवण्याआधी नांगराची पट्टी पाहा. आकडा एक भोक खाली घेऊन पाहा. आणि घरात लहान मुलगा असेल तर कोणते भोक कशासाठी आहे ते त्याला आधीच सांगा.

इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक ७