रंध्याचं वेड, रुखवताचं लाटणं

चौकोनी लाकडाचं गोल लाटणं कसं होतं, माहीत आहे? मला आत्ताआत्तापर्यंत माहीत नव्हतं, आणि आता जो भेटेल त्याला थांबवून मी तेच सांगत सुटले आहे. यंत्र लागत नाही हो! चारी बाजू ३६ मिलिमीटरच्या असा एक सरळ दांडका घ्यायचा. प्रत्येक बाजूवर दोन्ही कडांपासून साडेदहा मिलिमीटर आत रेघ मारायची. मधे १५ उरतात. आता चारही कोपरे त्या रेघांपर्यंत रंध्यानं उतरवले, की झाला अष्टकोन. त्याचे आठ कोपरे उतरवले, की सोळा बाजू. मग रंधा अगदी हलका धरून फिरवत गेलं, की बोटांना कोपरा लागेनासा होतो आणि हातात चक्क लाटणं असतं! प्रमाण लक्षात ठेवायचं ७, १० आणि ७. जाडी कितीही असो, तिचे चोवीस भाग करायचे आणि याच हिशेबानं रेघा ओढायच्या. शाळेतली भूमिती अशी हाताला लागेल असं कोणी आधी सांगितलं असतं तर!

निमित्त भाचीच्या लग्नाचं. रुखवतात काय ठेवायचं याची घरात चर्चा चालली होती. हल्ली रुखवत तयार मिळतं, छान दिसतं आणि लग्नानंतर माळ्यावर जातं. मला तिच्या ओट्यावर रोज फिरेल असं काहीतरी द्यायचं होतं. नेमकं त्याच सुमारास कोकणातल्या माझ्या माहेरच्या घराचं छप्पर उतरवलं, आणि फणसाच्या जुन्या तुळईचे तुकडे अंगणात येऊन पडले. तिच्या आजोळचंच लाकूड! ते चुलीत जाऊ द्यायचं? छे!

वाडीतल्या सुतारकाकांना गाठलं. त्यांनी आधी तुकडा सगळ्या बाजूंनी निरखला, गंजलेले खिळे उपटले आणि डांबर लागलेला भाग करवतीनं बाजूला काढला. स्वयंपाकाच्या वस्तूला तसलं लाकूड चालत नाही आणि खिळ्यावर गेलेल्या रंध्याचं पातं कामातून जातं. मग त्यांनी रंधा माझ्या हातात दिला. वरून काळपट, धुरकट दिसणारी ती तुळई, आणि पहिल्या दोन-चार हातांतच आतून असा हळदीचा सोनेरी रंग उघडला, की मी ओरडलेच! फणसाच्या गाभ्यात पिवळं रंगद्रव्य असतं. आग्नेय आशियातल्या बौद्ध भिक्षूंची चीवरं पूर्वापार याच लाकडाच्या ढलप्या उकळून रंगवत आले आहेत. आणि आपण त्या लाकडाखाली बसून उकडीचे मोदक खात होतो!

“लाकडाच्या कलानं घ्या, ताई,” काका म्हणाले. म्हणजे काय, ते त्यांनी एका टाकाऊ तुकड्यावर दाखवलं. लाकडाचे रेषे फळीला क्वचितच अगदी समांतर असतात, ते एका दिशेनं हळूहळू वर चढतात. चढत्या दिशेनं रंधा मारला तर पापुद्रा सळसळत, वळत बाहेर पडतो. उलट मारला तर पातं रेष्यांखाली शिरून त्यांना उचकटतं. नुसत्या आवाजावरून दिशा ओळखता येते. एकदा तो आवाज कानात बसला, की हात थांबवावासा वाटत नाही.

लाटण्यानंतर चाटू. इथे तर मला खरा खजिना सापडला! माझी भाची डावखुरी आहे. घरातला कुठलाही जुना लाकडी चाटू बघा, त्याची कड एका बाजूनं तिरकी झिजलेली असते. वर्षानुवर्षं वापरणाऱ्याच्या हातानं ती तशी घासली जाते. मग डावखुऱ्या हाताचा तिरकेपणा आधीच का देऊ नये? तिला रिकाम्या कढईत ढवळून दाखवायला सांगितलं आणि तळाला टेकणारी बाजू पेन्सिलीनं आखून घेतली. दांडा तिच्या मुठीच्या मापानं कानशीनं गोल केला. दुकानातल्या चाटवाला ती डावखुरी आहे हे कुठून कळणार? पहिल्यांदा करणाऱ्यानं सपाट चाटू किंवा उलथनंच करावं. खोलगट डाव कोरायला गोल पटाशी लागते आणि सरावही.

आणि लाकडी चाटू ही काही हौसेची गोष्ट नाही. कल्हईच्या भांड्यात धातूचा डाव फिरवला की कल्हई खरवडते, नॉनस्टिकवर ओरखडे उठतात. लाकूड दोन्ही सांभाळतं. आमसुलाच्या सारात किंवा कढीत त्याची आंबटाशी काही झटापट होत नाही. कुरडयांचा चीक नाहीतर फणसाचा रस तासभर घोटला तरी दांडा हाताला पोळत नाही.

आता शेवटची जादू. पॉलिश पेपर ८० पासून सुरू करून १२०, २२० असा मारला की वस्तू गुळगुळीत होते. पण थांबायचं नाही. तिला पाण्यानं पुसायचं. रेष्यांची बारीक लव उभी राहते. वाळल्यावर ती पुन्हा घासून काढायची, म्हणजे नंतर धुताना खरखरीत होत नाही. मग खाण्याचं, घाण्याचं जवसाचं तेल अगदी पातळ चोळायचं आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. हे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून लाकडात घट्ट बसतं. शेंगदाण्याचं तेल तसं घट्ट होत नाही, पुढे खवट वास मारतं. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल मात्र घेऊ नका, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. आणि तेलाचा बोळा चुरगळून ठेवू नका. तो आपोआप तापून पेटू शकतो, म्हणून उघड्यावर पसरून वाळवा.

लाटणं आणि चाटू रुखवतात मांडले, तेव्हा दोन्हींसोबत एक चिठ्ठी ठेवली: पाण्यात भिजत टाकू नकोस, धुऊन लगेच पूस, उभं करून वाळव, आणि रंग फिका वाटला की पुन्हा तेल दे.

तुमच्याही घरात जुन्या दाराचा, पाटाचा, मोडक्या पलंगाचा चांगला, बिनरंगाचा तुकडा पडलेला असेल. जवळच्या सुताराकडे एक दुपार मागा, रंधा धारदार आहे ना ते बघा आणि ७, १०, ७ च्या रेघा मारा. पुढच्या लग्नाचा आहेर घरातच तयार होईल.