काशीचे पराडकर

काशीतील मराठी कुटुंबात १८८३ साली जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर १९२० मध्ये ‘आज’ या हिंदी दैनिकाच्या संपादनात दाखल झाले, तेव्हा त्यांचे वय छत्तीस होते. क्रांतिकार्याच्या संशयावरून १९१६ पासून भोगलेला बंदिवास नुकताच संपला होता. या वयात माणूस आपल्या आयुष्याचा हिशेब मांडू लागतो. पराडकरांनी तो आत्मचरित्रात न मांडता रोजच्या स्तंभांत मांडला.

त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर यांनी मराठी असून बंगालीत लेखन केले. भाच्याने हिंदी जवळ केली. मोठ्या विचाराइतकीच साध्या शब्दाची काळजी पराडकर वाहत. नावाआधीच्या ‘मिस्टर’च्या जागी ‘श्री’ रुळविण्याचे आणि चलनवाढीस ‘मुद्रास्फीति’ हा प्रतिशब्द देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. एकमेकांना हाक कशी मारावी, या नित्याच्या प्रश्नातच संस्कृती आणि राजकारण एकत्र येतात, याची ही जाण होय.

१९२५ मध्ये वृंदावनच्या संपादक संमेलनात त्यांनी इशारा दिला होता : पुढची वृत्तपत्रे देखणी व संपन्न होतील, पण संपादकाचे स्वातंत्र्य उरणार नाही. १९५५ मध्ये ते निवर्तले. मराठी वाङ्मयाचा इतिहास भाषेच्या कुंपणापाशी थांबतो, म्हणून पराडकर त्यात सहसा भेटत नाहीत. हिंदीने मात्र त्यांना परके मानले नाही. यात उणेपण कोणाचे, हे मराठी वाचकाने स्वतःलाच विचारावे.