चौसाळ्याच्या माळ्यावरचा रशियन ऐवज

बीडहून धाराशिवकडे निघालं की मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो. वर बालाघाटाचा उघडा माळ, आणि पुढे हमरस्त्यावरच चौसाळा. कपिलधारचा धबधबा पाहायचा तर मांजरसुंब्यालाच वळा. चौसाळ्यात थांबायचं ते माणसांसाठी.

आमच्या वन्संचं घर इथलं. दिवाळीपूर्वी माळा आवरताना त्यांच्या सासऱ्यांचा ‘झेनिट’ कॅमेरा आणि खोकंभर रशियन पुस्तकं भंगारवाल्याकडे जायच्या बेतात होती. मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर असं काही निघेल, म्हणून सांगते.

मॉस्कोत छापलेली ही मराठी पुस्तकं मुंबईचं लोकवाङ्मय गृह विकत असे, तीही अगदी स्वस्तात. बांधणी दोऱ्याची, त्यामुळे पानं अजून सुटलेली नाहीत. इथल्या कोरड्या हवेचेही उपकार. कोकणात असती तर कधीच बुरशीनं खाल्ली असती! प्रत्येकावर सासऱ्यांच्या हातचं नाव आणि तारीख. ती पाहिली आणि वन्संनी खोकं मागं ओढलं. अशा पुस्तकांना सावलीत हवा द्या, कडक ऊन नको.

‘झेनिट-ई’ १९६५ पासून निघाला. सगळा धातूचा, वरवंट्यासारखा जड. सेल लागतच नाही. त्याचं ‘हेलिऑस’ भिंग हल्लीची फोटोवेडी मुलं हौसेनं डिजिटल कॅमेऱ्याला बसवतात, तेव्हा किलोवर घालू नका. भिंगाला बुरशी असली तर घरी पुसत बसू नका, जाणत्याला दाखवा.

पण रशियन म्हणजे टिकाऊच, असं मुळीच नाही बरं का! सरकारला जिथं इभ्रत वाटे, तिथं काम भक्कम. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी १९५९ मध्ये सुरू झाली; कारखाना आजही चालतो आहे. घरगुती मालाचं मात्र वेगळं. कारखान्याला महिन्याचा आकडा पुरा करायचा असे, मग शेवटच्या आठवड्यात वस्तू कशाबशा जोडल्या जात. तिथल्या चतुर बायका घरातली वस्तू घेताना सोबतच्या पुस्तिकेवरची तारीख बघत. महिनाअखेरीची असली की नको म्हणत. १९६७ पासून चांगल्या मालावर पंचकोनी दर्जाचिन्ह उमटवू लागले, तरी १९८० च्या दशकात रंगीत टीव्ही पेटून तिकडे हजारो आगी लागल्याच. पुष्कळशा पुस्तिकांत आतल्या तारांचा नकाशा दिलेला असे, आणि नवरेमंडळी स्वयंपाकघरातच वस्तू उघडून बसत. (ते चित्र आपल्याला काही नवं नाही!)

तेव्हा विजेवरचं जुनं काही सापडलं, मग ते कुठल्याही देशाचं असो, तर हौसेनं लगेच प्लग लावू नका. वायरीवरचं रबर तडकलेलं असतं. आधी वायरमनला दाखवा.