दिंडीच्या गाडीची आंघोळ

माउली, आषाढीची गर्दी ओसरली की पंढरपुरात प्रक्षाळपूजा होते, हे आपण सारे जाणतोच. वारीच्या दिवसांत देवाचा पलंग काढलेला असतो आणि दर्शन रात्रंदिवस चालू असते. मग देवाला स्नान घालतात आणि शीण जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात. देवालाही शीण येतो, तर दिंडीच्या गाडीचे काय सांगावे? आळंदीपासून वाखरीपर्यंत राहुट्या, शिधा, गॅसच्या टाक्या आणि पाय सुजलेली एक-दोन म्हातारी माणसे ती वाहते.

ती गाडी माझी. घरी परतली की दरवर्षी एकच वाद निघतो. पुतण्या म्हणतो, "तात्या, वॉशिंग सेंटरला टाका. पाचशे रुपयांत तासाभरात चकाचक होईल. त्या गुडघ्यांनी किती वाकायचं?" त्याचे खोटे नाही. गुडघे खरेच बोलतात.

तरी आतली बाजू मी कुणाला देत नाही. सीटखाली चुरमुरे असतात, वाळलेली तुळशीची पाने असतात, कोपऱ्यात बुक्का सांडलेला असतो. सेंटरवरच्या यंत्राला यातला प्रसाद कुठला आणि कचरा कुठला, हे कसे कळावे? पाने, चुरमुरे वेचून मी तुळशीच्या बुडाशी घालतो. मग झाडू.

बाहेरून धुतानाही घाई चालत नाही. आधी नुसते पाणी मारून चिखल भिजू द्यायचा. कोरड्यावर फडके फिरवले की खडीचे कण रंगावर रेघा ओढतात. कपड्यांची पावडर वापरू नये, चकाकी जाते. चाकांचे फडके वेगळे. उन्हात धुतली तर पाणी जागीच वाळून पांढरे डाग पडतात, म्हणून मी सकाळी लवकर बसतो. वीस लिटरच्या तीन बादल्या पुरतात. आमचे गाव माण तालुक्यातले. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला पाइप मोकळा सोडणे जमत नाही.

मागच्या वर्षी असेच चाक पुसताना मागच्या टायरच्या आतल्या कडेला बोटभर चीर हाताला लागली. वरून काहीच दिसत नव्हते. भरल्या गाडीखाली तो टायर दिवे घाटात फुटला असता तर? पुढे-मागे माउली चालत असतात, डोक्यावर तुळशी घेतलेल्या आयाबाया असतात. त्या दिवसापासून पुतण्या पाचशे रुपयांचा हिशेब जरा हळू आवाजात मांडतो.

पण त्याचीही एक बाजू मी मानली आहे. गाडीच्या पोटाला चिकटलेला चिखल बादलीने निघत नाही. तो ओल धरतो आणि पत्रा गंजतो. त्याला रॅम्प आणि पंपाचा जोरच लागतो. म्हणून खालची बाजू सेंटरवर. तिथला मुलगा दिवसभर ओल्या पायांनी उभा असतो. हाताची कातडी पाण्याने पांढरी पडून सुरकुतलेली. चेसिसच्या कोपऱ्याकोपऱ्यातला गाळ त्याने मनापासून काढला. निघताना मी "माउली" म्हणून हात जोडले, तर तो लाजला. स्वतः धुतली ती सेवा आणि पैसे देऊन धुतली ती हौस, असे मला म्हणवत नाही.

नदीत गाडी उतरवणे मात्र मला मुळीच पटत नाही. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, चंद्रभागेचे पाणी आपण डोळ्यांना लावतो, आणि त्याच पात्रात लोक गाड्या उभ्या करून ग्रीस, डिझेल, साबण सोडतात. पाण्यावर तेलाचे रंगीत पापुद्रे तरंगतात. खाली कुणीतरी ओंजळ भरत असते.

यंदा वाटणी ठरली आहे: आत मी, वर आम्ही दोघे, खाली सेंटर. पुतण्या बादली घेऊन आला, बॉनेट सगळे चोळून काढले, आणि काचेवरचा गोपीचंदनाचा टिळा तेवढा त्याने मला पुसू दिला नाही.