सांताक्रूझची गच्ची

गेल्या भाद्रपदांत सांताक्रूझला ताईकडे चार दिवस राहण्याचा योग आला. ताईनें अठ्ठ्याहत्तरी ओलांडली असून भावोजींच्या मागें ती एकटीच राहते. केबलवाल्याची मासिक वर्गणी तिनें नुकतीच बंद केली होती. "पेन्शनींत बसत नाहीं, आणि या वयांत मुलापुढें हात पसरायचा नाहीं. गच्चीवरची आपली जुनी अँटेना मोडली आहे. तूं मास्तर, दुसरी निवडून दे," एवढीच तिची आज्ञा.

गच्चीवर गेलों. पश्चिमेस जुहूचा खारा वारा, पूर्वेस विमानतळाची घरघर आणि दक्षिणेस खार-वांद्र्याच्या इमारतींपलीकडे वरळी! २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन सुरू झालें आणि येथील गच्च्यांवर वरळीकडे तोंड केलेल्या अँटेनांचें जणूं रानच उगवलें. माशाच्या सांगाड्यासारखी ही रचना जपानच्या यागी व उडा यांनीं १९२६ मध्यें प्रसिद्ध केली. मागची लांब दांडी लहरी परतविते, पुढच्या आखूड दांड्या त्यांना वाट दाखवितात आणि मधली त्या ग्रहण करते. भावोजी वर दांडा फिरवीत "आलें का?" म्हणून ओरडत, ताई खालून उत्तर देई, "मुंग्या! अजून मुंग्याच!"

ती अँटेना मोठी चिवट निघाली. २६ जुलै २००५ च्या प्रलयांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यांतूनही ती वांचली. अखेर गंजानें तिचा घास घेतला.

दुकानदारानें तशीच नवी अँटेना पुढें केली, शिवाय बूस्टरचाही आग्रह धरला. पण प्रसारभारतीनें कांहीं मोजकीं ठिकाणें वगळून जुन्या पद्धतीचीं प्रक्षेपणें २०२२ पर्यंत बंद केलीं आहेत. टाकींत पाणीच नाहीं, तेथें नळ नवा बसवून काय उपयोग? तेव्हां मीं डिसेंबर २००४ मध्यें सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मोफत डिश-सेवेचा मार्ग धरला. थाळी व पेटी यांचा खर्च एकदांच; मासिक वर्गणी नाहीं; सह्याद्री वाहिनीही मिळते.

आतां दिशेचा प्रश्न. तो उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. सांताक्रूझहून तो जवळजवळ बरोबर आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारें ५७ अंश उंच येतो. त्याच बाजूस शेजारीं नवी इमारत उठते आहे, म्हणून ताई धास्तावली होती. मीं कागदावर त्रिकोण काढून दाखविला: वीस मीटरांवरील इमारत आपल्या गच्चीहून तीस मीटरांपेक्षां अधिक उंच गेली, तरच ती आड येईल. ती तेवढी होणार नव्हती. जन्मभर शिकविलेली भूमिती अशी घरच्या कामीं आली!

जुना दांडा वाऱ्यानें हलतो, म्हणून थाळी त्यावर न लावतां भिंतींत बोल्ट ठोकून, ओळंबा धरून बसविली. कारागीर थाळी केसभर फिरवी आणि मी कठड्यावरून ओरडें, "आलें का?" खालीं क्षणभर शांतता. मग कांपऱ्या आवाजांत उत्तर आलें, "आलें रे, स्वच्छ आलें!"

मोडकी अँटेना भंगारांत देऊं का, असें विचारलें. पितृपंधरवडा सुरू होता. ताई म्हणाली, "राहूं दे. कावळे बसतात तिच्यावर."